पाण्याचं घड्याळ मुलांकडून करून घ्यायचं, तर बाटलीआधी वाटी घ्या

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन त्यांनी पाण्याचं घड्याळ केलं. प्लास्टिकची बाटली मधोमध कापली, वरच्या भागाच्या झाकणाला भोक पाडून तो उलटा बसवला आणि खालच्या भागावर पट्टीनं समान अंतरावर रेघा मारल्या. पहिल्या रेघा पाण्यानं भराभर गाठल्या, पुढच्या रेघांना जास्त जास्त वेळ लागत गेला आणि शेवटचं पाणी तर उतरेचना. दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ वेगळीच वेळ दाखवू लागलं. मुलं म्हणाली, "बाई, हे बिघडलंय." घरच्या सामानात होणारी, मुलांच्या हातानं होणारी आणि खरोखर चालणारी रीत त्यांना हवी आहे.

बाई, तुमचं घड्याळ बिघडलेलं नाही. पाणी जसं वागायला हवं तसंच वागलं. रेघा मात्र वेळ न मोजताच मारल्या गेल्या. मी सीमाभागातल्या शाळांमधून बरीच वर्षं मुलांबरोबर अशी साधनं करत आलो आहे, आणि माझं मत पक्कं झालं आहे ते एवढंच: भांडं कसलंही चालेल, पण त्याचं माप मुलांनी स्वतः काढलं पाहिजे. पट्टीनं आखलेली समान रेघ म्हणजे आपण पाण्यावर लादलेला अंदाज असतो.

म्हणून सुरुवात बाटलीपासून करू नका, वाटीपासून करा. तळाला बारीक भोक असलेली स्टीलची वाटी पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत चढतं, वाटी भरते आणि बुडते. एका बुडीला लागणारा वेळ हे आपलं माप. आपल्याकडे शेकडो वर्षं वेळ मोजली गेली ती अशाच पात्रानं. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात तळाला भोक असलेलं तांब्याचं पात्र सांगितलं आहे. स्वच्छ पाण्यात ठेवलं की ते एका अहोरात्रात ६० वेळा बुडलं पाहिजे. २४ तासांचे ६० भाग, म्हणजे एक भाग २४ मिनिटांचा. हीच घटका. लग्नात मुहूर्ताआधी घंगाळात घटिकापात्र सोडतात तेही हेच. तुमच्या गावात एखाद्या जुन्या भटजींच्या घरी असं पात्र असेल, तर ते मुलांना हातात घेऊन बघू द्या, उन्हाकडे धरून त्याच्या भोकातून बघू द्या. अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

वाटी घेताना बाजू शक्य तितक्या सरळ असलेली घ्या. भोक पाडणं हे मोठ्या माणसाचं काम. बेळगावला येणं झालं तर उद्यमबागेत कुठल्याही लहान वर्कशॉपमध्ये दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं दोन मिनिटांत पाडून मिळेल. खानापुरात, नंदगडात फॅब्रिकेशनवाला असतोच. भोक तळाच्या बरोबर मध्यावर हवं, नाहीतर वाटी कलते. ड्रिल मारल्यावर कडेला जो खरखरीत काठ राहतो तो पॉलिश पेपरनं दोन्ही बाजूंनी साफ करून घ्या. हा काठ राहिला तर भोक एकाच मापाचं असूनही दोन वाट्या वेगवेगळ्या वेळी बुडतात, आणि कारण शोधत बसावं लागतं.

साधारण आठ सेंटिमीटर व्यासाची, दीडशे मिलिलिटर पाणी मावणारी वाटी आणि दीड मिलिमीटरचं भोक असेल तर एक बुडी पाच मिनिटांच्या आसपास होते. दोन मिलिमीटरचं भोक केलंत तर तीन मिनिटांच्या आत. भोकाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि वेळ चौथाईवर येतो. हे मुलांना आधी सांगू नका. एकसारख्या दोन वाट्यांना एक आणि दोन मिलिमीटरची भोकं पाडून द्या आणि कोणती किती वेळात बुडते ते त्यांनाच लिहून काढू द्या. "दुप्पट भोक म्हणजे अर्धा वेळ" असंच बहुतेक मुलं आधी म्हणतात, आणि आकडे समोर आले की वर्गात जी चर्चा सुरू होते ती थांबवू नका.

आता ज्या गोष्टींनी नव्या माणसाची फजिती होते त्या सांगतो. पहिली: कोरडी वाटी पाण्यावर ठेवली तर कधी कधी पाणी आत येतच नाही. भोक बारीक असलं की पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण भोकाच्या तोंडाशी पाण्याला अडवून धरतो. हलक्या वाटीच्या वजनाचा दाब त्याला पुरा पडत नाही. उपाय सोपा आहे. वाटीच्या आत भोकाजवळ बोटानं एक थेंब पाणी लावून मग वाटी सोडा. प्रत्येक बुडीच्या वेळी हे तसंच करा. दुसरी: पुष्कळ वाट्यांचा तळ खालून किंचित खोलगट असतो, तिथे हवा अडकते आणि आधी ती भोकातून बुडबुडत बाहेर येते. वाटी थोडी तिरकी धरून पाण्यावर उतरवली की हवा निघून जाते. तिसरी: वाटी तेलकट असू नये, आणि तिला साबणही राहिलेला असू नये. राखेनं किंवा चिंचेनं घासून भरपूर पाण्यानं धुतलेली वाटी सगळ्यात चांगली.

प्लास्टिकची वाटी किंवा कप वापरायचा मोह होईल, कारण त्याला भोक पाडणं सोपं. पण नेहमीचे बरेचसे प्लास्टिकचे कप पाण्यापेक्षा हलके असतात; काठोकाठ भरले तरी तरंगत राहतात. तळाशी नाणी किंवा लोखंडी वॉशर ठेवले तरच बुडतात. तरी असा एक पारदर्शक कप वजन घालून जरूर ठेवा, कारण वाटीच्या घड्याळातली सगळ्यात सुंदर गोष्ट त्यातूनच दिसते. कप तरंगत असताना बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा थोडी वर असते. हा फरकच कपाचं आणि वजनाचं ओझं पेलतो. आत पाणी वाढलं की कप तेवढाच खाली जातो, पण ओझं तेच असल्यामुळे फरकही तेवढाच राहतो. पाण्याला आत ढकलणारा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ बदलत नाही, म्हणून पाणी एकाच चालीनं आत येत राहतं. तुमच्या बाटलीला जे जमत नव्हतं ते ही वाटी कुठल्याही खटपटीशिवाय करते.

याच गोष्टीचा दुसरा फायदा असा की वाटीचं घड्याळ नाण्यांनी लावता येतं. भोक मुद्दाम किंचित लहान ठेवा, म्हणजे बुडी सहा मिनिटांची होईल. मग आत एकेक नाणं ठेवत जा. वजन वाढलं की वाटी जास्त खोल बसते आणि पाणी जोरानं शिरतं. साठ-सत्तर ग्रॅमच्या वाटीत पाच रुपयांची चार-पाच नाणी ठेवली की बुडी पाच मिनिटांच्या जवळ येते. नाणं भोकावर सरकू नये एवढं बघा. भोक एकदा मोठं केलं की लहान करता येत नाही. नाणं मात्र काढता येतं.

वाटी सोडायला रुंद आणि वाटीच्या उंचीपेक्षा बरंच खोल भांडं हवं: पातेलं, घमेलं किंवा घंगाळ. वाऱ्यात ठेवू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांत पावसाळ्यात मुलं वर्गाबाहेर जाऊच शकत नाहीत, असे दिवस या कामाला उत्तम. वाटी तळाला आपटते तेव्हा टण् असा आवाज होतो. पाठ करून बसलेल्या मुलालाही तो ऐकू येतो. एक मूल पाण्याशी, एक फळ्यावर खुणा करायला, दर दहा बुड्यांनी पाळी बदलायची. जुन्या काळी देवळांत, किल्ल्यांवर, राजवाड्यांत याच कामाला माणूस नेमलेला असे. पात्र बुडालं की ते रिकामं करून पुन्हा सोडायचं आणि तास बडवायचा.

माप काढण्याची रीत भास्कराचार्यांनी घालून दिली आहे. त्यांचा जन्म १११४ चा, त्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० चा. त्यांच्या आधीच्या ग्रंथांत पात्र किती वजनाचं, किती अंगुळं उंच, भोक पाडायची सोन्याची तार किती लांब अशी मापं दिलेली होती. भास्कराचार्यांनी ती सगळी बाजूला ठेवली. अर्ध्या घड्याच्या आकाराचं तांब्याचं पात्र घ्या, तळाला भोक पाडा, दिवस-रात्रीत ते किती वेळा बुडतं ते मोजा आणि त्या संख्येनं दिवस-रात्रीला भागा; जे येईल ते त्या पात्राचं माप. मला यापेक्षा चांगला विज्ञानाचा पाठ माहीत नाही. पाच मिनिटांची वाटी करण्याचा हट्ट धरायचा नाही. हातात आलेली वाटी किती मिनिटांची आहे हे शोधायचं.

तुम्ही शाळेत हे असं करा. दहाच्या घंटेला वाटी सोडायला सुरुवात करा आणि एकच्या सुट्टीपर्यंत बुड्या मोजा. समजा ३४ बुड्या झाल्या. १८० मिनिटं भागिले ३४, म्हणजे एक बुडी सुमारे ५ मिनिटं १८ सेकंदांची. यात वाटी काढून, ओतून, परत सोडायला लागणारे सेकंदही धरले गेले आहेत, आणि ते तसेच हवेत. कारण पुढे वापरतानाही तेवढेच लागणार आहेत. फक्त काढण्या-सोडण्याची पद्धत सगळ्या मुलांची एकसारखी हवी. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एकच बुडी मोजली तर बटण दाबायला झालेला उशीर पूर्ण त्या एका बुडीवर पडतो. ३४ बुड्यांवर तो वाटला जातो. सहावीच्या भागाकाराला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. वर्गात कानडी घरची मुलं असतील तर नोंदींचा तक्ता दोन्ही भाषांत लिहायला लावा. मोजताना मुलं तशीही दोन्ही भाषांत मोजत असतात.

मोठ्या मुलांना घड्याळ आणि मोबाइल दोन्ही बाजूला ठेवून सूर्यावरून माप काढायला सांगा. मैदानात एक काठी उभी रोवून सावली सगळ्यात आखूड होते ती वेळ पकडायची. एका दिवसाच्या त्या क्षणापासून दुसऱ्या दिवशीच्या त्याच क्षणापर्यंत २४ तास, अर्ध्या मिनिटाच्या फरकानं. बेळगावात हा क्षण बाराला येत नाही. आपण पूर्व रेखांश ७४.५ अंशांवर, आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२.१६ च्या सुमारास येतो, फेब्रुवारीच्या मध्यास १२.४६ च्या सुमारास.

आता तुमच्या बाटलीकडे वळतो, कारण तिच्या रेघांमध्ये मोठी गोष्ट दडली आहे. बाटलीत पाणी जितकं उंच, तितका भोकाशी दाब जास्त. पातळी उतरली की दाब कमी, धार मंद. इटलीच्या टोरिचेल्ली या शास्त्रज्ञानं सतराव्या शतकात याचा नियम मांडला: धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची चौथाई झाली की वेग अर्धा. कापलेल्या बाटलीचा वरचा भाग नरसाळ्यासारखा असल्यामुळे हिशेब आणखी गुंततो, म्हणून तो आकार सोडून द्या. सरळ बाजूंची पारदर्शक बरणी घ्या, बिस्किटांची किंवा लोणच्याची, साधारण दहा सेंटिमीटर व्यासाची. तळापासून थोडं वर बाजूला दोन मिलिमीटरचं भोक पाडा. तापवलेल्या सुईनंही पडतं, पण काठ वितळून जाड होतो, हातड्रिल बरं. बरणी स्टुलाच्या कडेवर ठेवा, म्हणजे धार खालच्या भांड्यात मोकळी पडेल. झाकण लावू नका. हवा आत गेली नाही तर पाणी बाहेर येत नाही.

भोकाच्या मध्यापासून १६ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरा. भोकावरचं बोट काढलं की दर मिनिटाला, पाणी असेल तिथे, बरणीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर मुलांना रेघ मारू द्या. खाली येताना रेघा जवळ जवळ येत जातील. मग भोकापासून ९, ४ आणि १ सेंटिमीटरवर खुणा करून पुन्हा बरणी भरा आणि १६ वरून ९ वर, ९ वरून ४ वर, ४ वरून १ वर यायला किती वेळ लागतो ते मोजा. तिन्ही वेळा सारख्याच येतात, वर सांगितलेल्या बरणीत सुमारे तीन-तीन मिनिटं. उतरलेलं अंतर मात्र ७, ५, ३ सेंटिमीटर. १६, ९, ४, १ हे वर्ग आणि ७, ५, ३ या ओळीनं येणाऱ्या विषम संख्या पाण्यानं मुलांसमोर मांडून ठेवलेल्या असतात. सातवीच्या मुलांना वर्ग-वर्गमूळ नुकतंच आलेलं असतं. एखाद्या मुलानं स्वतःहून "बाई, सगळे वर्ग आहेत की!" असं म्हणेपर्यंत तुम्ही बोलू नका.

शेवटचा एक सेंटिमीटर सोडून द्यायचा. तिथे दाब इतका कमी असतो की पृष्ठताणामुळे धार तुटते, पाणी बरणीच्या अंगावरून ओघळतं आणि मग थांबतं. तुमचं शेवटचं पाणी उतरत नव्हतं त्याचं कारण हेच. भोक जितकं बारीक, तितकं जास्त पाणी आत अडतं. इजिप्तमध्ये कर्नाक इथे सापडलेलं, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातलं पाण्याचं घड्याळ वर रुंद आणि खाली निमुळतं आहे: धार मंदावली तरी खालच्या अरुंद भागात पातळी उतरण्याचा वेग टिकून राहावा, हा त्या आकाराचा फायदा. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वेगळी युक्ती केली. वरच्या भांड्यात सतत पाणी येऊ द्यायचं, जास्तीचं काठावरून वाहून जाऊ द्यायचं, म्हणजे पातळी हलतच नाही. शाळेत नळ सोडून हे करू नका. अथणीकडच्या मुलांना तर उन्हाळ्यात असं वाहतं पाणी बघवणार नाही. एक मूल तांब्यानं बरणी कायम एका खुणेपर्यंत भरत राहिलं तरी तेच काम होतं, आणि मग खालच्या सरळ भांड्यावर तुमच्या समान अंतराच्या रेघा अगदी बरोबर ठरतात. खालचं भांडं बाटलीचं असेल तर तळाचे उंचवटे बुडेपर्यंत आधी पाणी घाला आणि तिथे शून्य लिहा.

दुसऱ्या दिवशी वेळ बदलली, याची कारणं बहुधा साधी असतात. पाणी दर वेळी एकाच खुणेपासून सोडलं नाही. बोटानं बाटली दाबली गेली. भोकात कचरा अडकला. भास्कराचार्यांच्या मुलीच्या, लीलावतीच्या लग्नाची दंतकथा मुलांना इथे सांगा: मुहूर्ताच्या घटिकापात्रात तिच्या दागिन्यातला मोती पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. पाणी दर वेळी धुतलेल्या फडक्यातून गाळून घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर काही आठवड्यांनी भोकाच्या काठावर पांढरा थर बसतो. लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवून धुतलं की निघतो. मलप्रभेच्या उगमाकडच्या गावांत झऱ्याचं पाणी मिळतं, तिथे हा त्रास कमी. थंडीचाही परिणाम होतो: २० अंशांचं पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे पाव पटीनं जास्त दाट वाहतं. पातळ पत्र्यातल्या भोकाला हे फारसं जाणवत नाही, पण नळी वापरली तर डिसेंबरची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत स्पष्ट फरक पडतो. मातीचं मडकं वापरू नका. खानापूरची माती कितीही चांगली असली तरी बिनझिलईचं मडकं पाझरतं आणि त्या पाण्याचा हिशेब लागत नाही.

आठवी-नववीची मुलं असतील तर पातळी सोडून पाणी तोलायला लावा. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात लिहिलं आहे की उतरत्या खाचेतून घरंगळणाऱ्या गोळीचा वेळ त्यानं पाण्यानं मोजला: मोठ्या भांड्यातून बारीक धार सोडायची, गोळी निघाल्यापासून पोचेपर्यंतचं पाणी प्याल्यात धरायचं आणि तोलायचं. दुप्पट पाणी म्हणजे दुप्पट वेळ. पन्हळ म्हणून अर्धा कापलेला प्लास्टिकचा पाइप, एक गोटी आणि दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा एवढ्यावर हे होतं. दुप्पट वेळात गोटी चौपट अंतर जाते, तिप्पट वेळात नऊपट. बरणीवरचे तेच वर्ग पुन्हा भेटतात. वरच्या भांड्यातली पातळी मात्र प्रयोगभर फारशी उतरू देऊ नका. बादली रुंद घ्या.

तुमच्या शाळेसाठी क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त वाटी, आणि तिचं माप निघाल्यावर एक दिवस शाळेचे तास त्या वाटीच्या बुड्यांवर वाजवा. सहा बुड्या झाल्या की घंटा. बरणी त्यानंतर. विज्ञान प्रदर्शनाला दोन्ही नेणार असाल तर मुलांनी मारलेल्या रेघांची मूळ कागदी पट्टी तशीच, खाडाखोडीसकट चिकटवा, आणि परीक्षकांसमोर वाटी सोडायच्या आधी आतून एक थेंब पाणी लावायला मुलांना आठवण करा.